धुतलेल्या पेरूची भानगड

"उद्या सकाळी झाड तोडाया कटरवाला येतोय," असं म्हणत जानूआबांनी पेरूच्या बुंध्यावर चुन्याची फुली मारली आणि बोट धोतराला पुसलं.

शर्मिला झाडाला पाठ लावून उभी राहिली. "आबा, झाड आमच्या आजीचं आहे."

"तुज्या आजीलाच इचारलंय. नाय बोलली नाय ती."

येसूआजी ओट्यावर बसली होती. ती नाही म्हणाली नव्हती आणि हो पण म्हणाली नव्हती. शर्मिलाला तेच सगळ्यात जास्त खुपत होतं.

पोलादपूरहून उमरठकडे जाताना लागणारी ही छोटी वाडी. दिवाळीची सुट्टी लागली आणि वाडीतली पोरं एकामागून एक आजारी पडली. जुलाब, उलट्या, पोटात कळा. दोघांना तर पोलादपूरला नेऊन सलाईन लावावं लागलं. आजारी पडलेल्या प्रत्येकाने येसूआजीच्या झाडाचे पेरू खाल्ले होते. मोठी माणसं पेरूला हात लावत नसत, थंडीत पेरू खाल्ला की खोकला होतो म्हणून. त्यांच्यापैकी कुणालाच काही झालं नव्हतं. मग काय, पेरूच गुन्हेगार ठरला.

"पोरांच्या जिवापरीस झाड मोठं नाय गो," आबा म्हणाले. आबा वाडीतले सगळ्यात वयस्कर. त्यांनी शब्द टाकला की वाडी तो उचलून धरायची.

"मग तुमची दाढ दुखते तेव्हा कोवळी पानं कुठून नेता?"

"ती पानं झाली. ह्ये फळ हाय." आबा काठी टेकत निघून गेले. वाद घालायलासुद्धा थांबले नाहीत.

हे सगळं चाललेलं असताना कुंपणाच्या दगडी गडग्यावर बसून एक मुलगा आरामात पेरू खात होता. तो शेजारचा सुशांत. त्याने पेरू चड्डीला घासला आणि पुन्हा एक लचका तोडला.

"लाज नाही वाटत?" शर्मिला त्याच्यावर उखडली. "इथे झाड तोडायला निघालेत आणि तू खातोयस."

"उद्यापासून मिळणार नाहीत म्हणून तर खातोय. आणि मला काही होत नाही. माझं पोट लोखंडाचं आहे."

"लोखंडाचं नाही, उकिरड्याचं." हा आवाज दीप्तीचा. शर्मिलाच्या वर्गातली ही मुलगी शाल गुंडाळून हळूहळू अंगणात आली होती. कालपर्यंत ती अंथरुणात होती. "मी पेरू तीन पाण्यांनी धुऊन खाल्ला आणि मी आजारी पडले. हा चड्डीला पुसून खातो आणि हा टुणटुणीत. हा कुठला न्याय?"

सुशांत हसला. शर्मिला मात्र हसली नाही. ती दीप्तीकडे बघतच राहिली.

"परत बोल."

"काय? हा उकिरडा आहे?"

"ते नाही. धुऊन खाल्लास, ते."

पुढचा तासभर तिघं घराघरांत फिरले. आजारी पडलेल्या प्रत्येकाला त्यांनी एकच प्रश्न विचारला, पेरू धुतला होतास का? आजारी निशाच्या आईने तर त्यांना हाकलूनच दिलं. "धुतल्याबिगर खायला देईन व्हय मी माज्या पोरीला? आमी काय अडाणी हाव?" पण उत्तर तेच होतं. आजारी पडलेली सगळी पोरं शहाणी होती, सगळ्यांनी पेरू धुतला होता. जी झाडावरच बसून खात होती ती ठणठणीत होती.

"म्हणजे पाणी," दीप्ती म्हणाली.

"पण पाणी सगळेच पितात," सुशांत म्हणाला.

"पितो ते उकळून," शर्मिला म्हणाली. "नर्सबाईंनी पावसाळ्यात सांगितल्यापासून सगळ्या घरांत उकळतात. पेरू कोण उकळलेल्या पाण्याने धुतं? नळाखाली धरतात आणि खातात."

वाडीची पाण्याची टाकी वरच्या टेपावर, टेकाडाच्या माथ्यावर होती. दीप्तीला चढवेना, म्हणून ती खालीच थांबली. शर्मिला आणि सुशांत करवंदीच्या जाळ्यांतून वर पोहोचले तेव्हा टाकीवर वानरांची एक टोळी बसली होती. त्यांना बघून वानरं झाडांत उड्या मारून पळाली.

टाकीच्या तोंडावर लोखंडी झाकण नव्हतंच. एक निळी ताडपत्री दोरीने बांधलेली होती, तीही फाटून एका बाजूला लोंबत होती. शर्मिलाने आत डोकावलं. पाण्यावर अर्धवट खाल्लेले पेरू तरंगत होते, आणि कडेला वानरांनी केलेली घाण पडली होती.

"मी आता तीन दिवस काही धुणार नाही," सुशांत म्हणाला. "तोंडसुद्धा."

धावत धावत ते खाली आले. आबांच्या अंगणात सहदेवकाकाही बसला होता. वाडीला पाणी सोडण्याचं काम सहदेवकाकाकडे होतं.

शर्मिलाने धापा टाकत सगळं सांगितलं. झाकण नाही, वानरं, पाण्यात पेरू.

"बघा," सहदेवकाका लगेच म्हणाला. "टाकीत बी पेरूच. सगळा घोळ त्या झाडाचा हाय."

"अहो काका, पण झाकण असतं तर पेरू आत कसे गेले असते?"

"झाकण हाय. मी सोता लावलंय. तुमीच उघडून पेरू टाकले आसतील. झाड वाचवायला पोरं काय बी करतात."

शर्मिलाने वर टाकीकडे बोट दाखवलं.

"आबा, तुम्ही वर येऊन बघा ना," सुशांत म्हणाला.

"ह्या गुडघ्यांनी?" आबांनी मान हलवली. "सहदेव काय आज टाकी बघतो व्हय? त्याच्यावर इस्वास नको तर कुणावर? जा घरी. आन परत टाकीवर चढलात तर तंगड्या मोडीन."

घरी येऊन शर्मिलाने कोपऱ्यातलं दप्तर भिंतीवर फेकलं. "काय उपयोग आहे? आपण डोळ्यांनी बघितलं तरी खोटं. ते न बघता बोलले तरी खरं."

दीप्ती ओट्यावर पाय सोडून बसली होती. "सहदेवकाका खोटं बोलतोय हे त्याला माहीत आहे. म्हणजे ते पाणी तो स्वतः कधीच पिणार नाही, हो ना?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग शर्मिला उठून आजीकडे गेली. "आजी, पेरूचं सरबत कसं करतात?"

येसूआजीने तिच्याकडे बघितलं. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली. "पिकलेलं पेरू कुस्करायचं, फडक्यातून गाळायचं, बिया काढून टाकायच्या. गूळ, मीठ, जिऱ्याची पूड. उकळून केलं तर टिकतं."

"पेरू उकळायचा नाही, आजी," दीप्ती म्हणाली. "त्यात संत्र्याच्या कितीतरी पट सी जीवनसत्त्व असतं, ते उकळलं की कमी होतं."

"मग पेरू नको, पाणी उकळा," आजी म्हणाली. "पेरूबी त्याच पाण्यानं धुवा."

सकाळी कटरवाला मशीन घेऊन अंगणात उभा राहिला. आबा आले, सहदेवकाका आला, वाडीतली आणखीही माणसं जमली. तेवढ्यात शर्मिला ताटात पेले घेऊन बाहेर आली. पेल्यांत गुलाबी सरबत होतं.

"झाड जाणारच आहे," ती म्हणाली. "दिवाळीत दारी आलेल्यांना तसंच कसं पाठवायचं? शेवटचे पेरू आहेत, घ्या."

"खोकला व्हईल गो," आबा म्हणाले, पण भरला पेला परत देणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी तो हातात घेतला.

सहदेवकाकाने पेल्याकडे बघितलं. "पाणी कंचं वापरलंस?"

"नळाचं," शर्मिला म्हणाली. ते खरंच होतं. फक्त ते रात्री उकळून निवत ठेवलं होतं, एवढंच ती बोलली नाही. "टाकी झाकलेलीच आहे ना? तुम्ही स्वतः लावलंय झाकण."

सहदेवकाकाने पेला गुपचूप ओट्यावर ठेवला.

"का रे काका?" सुशांतने विचारलं. "तहान नाही?"

"मी आत्ताच च्या घेतला."

आबांनी मात्र पेला तोंडाला लावायला उचलला. पेला ओठांजवळ पोहोचला आणि सहदेवकाका पुढे धावला. त्याने आबांचं मनगट धरलं.

"आबा, नका पिऊ."

आबांनी हळूच मान वळवली. "का रं?"

सहदेवकाकाने खाली बघितलं. "झाकण गंजलं व्हतं. वेल्डिंगला पोलादपुरास नेलं, दुकान दिवाळीला बंद. ताडपत्री बांधली, म्हटलं चार दिस निभंल. वानरांनी फाडली आसंल. मी वर गेलोच नाय परत. काल पोरांनी सांगितलं तवा... लाज वाटली."

"आन पोरांना खोटं पाडलंस," आबा म्हणाले.

"हे पाणी उकळलेलं आहे, आबा," दीप्ती मध्येच म्हणाली. "तुम्ही बिनधास्त प्या."

आबांनी पेला एका दमात संपवला आणि कटरवाल्याला म्हणाले, "जा बाबा, घरी जा. इथं काय काम नाय." मग सहदेवकाकाकडे वळले. "टाकी उपसायची, घासायची, जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची. आजच. झाकण मिळंपत्तूर पत्रा ठेव नि वर दगड ठेव. नि सगळ्या घरांना जाऊन सांग, नळाचं पानी कच्चं वापरू नका."

सहदेवकाका मान हलवून टेपाकडे निघाला. लोक पोरांभोवती जमले. कुणी सुशांतची पाठ थोपटली, निशाची आई दीप्तीच्या डोक्यावरून हात फिरवू लागली. आबांनी काठी बगलेत धरून शर्मिलाच्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास गो पोरी. तुमी होता म्हनून झाड वाचलं नि वाडीबी वाचली."

शर्मिलाने तो हात तसाच राहू दिला, पण तिच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही.

"शाबासकी नको, आबा. हे सगळं आम्ही कालच सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत."

सुशांतने तिला कोपराने ढोसलं. आजी ओट्यावरून उठून उभी राहिली. आता आबा चिडणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

आबांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. दुखऱ्या गुडघ्यांवर हात दाबत ते सावकाश ओट्यावर बसले आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"बस," ते म्हणाले. "पयल्यापासून सांग. काय बी सोडू नकोस. मी ऐकतोय."