दोनच्या खेळातली कश्मिरा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. उलट मानणाऱ्यांची टर उडवण्यात माझी अर्धी हयात गेली. पण हे माझ्या मावसबहिणीच्या, अपूर्वाच्या बाबतीत खरंच घडलंय. नावं तेवढी बदलली आहेत.

ऑक्टोबर २०१३. बुधवार. दुपारी दोनचा खेळ.

योकोहामातल्या एका गल्लीतलं छोटं थिएटर, जेमतेम चाळीस खुर्च्यांचं.

अपूर्वा तिथे नवऱ्याबरोबर, धीरजबरोबर राहायची. तो पुण्याहून कंपनीच्या कामासाठी आलेला. त्याच्याच ऑफिसात कश्मिरा होती, अपूर्वाची जिवलग मैत्रीण. दोघी पुण्यात एका बाकावर बसून जर्मन शिकल्या होत्या.

मार्च २०११ च्या भूकंपाच्या दिवशी कश्मिरा ऑफिसच्या दौऱ्यावर उत्तरेला, किनाऱ्यावरच्या एका गावात होती.

लाट आली. कश्मिरा परत आली नाही. सापडलीही नाही.

खरं तर त्या दौऱ्यावर धीरज जायचा होता. "कश्मिराच हट्टाला पेटली, मला समुद्र बघायचाय म्हणाली," असं त्याने सांगितलं. अपूर्वाने तेच पुण्याला फोन करून कश्मिराच्या आईला, सुलेखाकाकूंना सांगितलं. तेव्हापासून काकू रडता रडता स्वतःच्याच मुलीला बोल लावायच्या. कुणाचं ऐकेल तर शपथ, म्हणायच्या.

तर तो चित्रपट. महायुद्ध संपल्यानंतरच्या जर्मनीतला. विचित्रच होता सगळा. एक माणूस मेलेल्या मित्राचा कोट घालून पडझड झालेल्या शहरात परततो. घराला भिंती नाहीत, पण सगळे दार वाजवूनच आत येतात. मित्राची बायको रोज त्या कोटाला जेवायला वाढते. आणि मित्राला स्वतःच्या जागी मरायला कुणी पाठवलं, याचा तपास एक पोलीस करतोय.

बऱ्याच दिवसांनी जर्मन कानावर पडत होतं. अपूर्वा खुशीत होती.

मग...

पडद्यावर जेवणाच्या टेबलाशी बसलेले सगळे एकदम गप्प झाले. सगळ्यांनी माना वर करून दिव्याकडे पाहिलं.

दिवा हलत होता.

ही जपानातली सवय. भूकंपानंतर तर प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेली. जरा शंका आली की आधी दिव्याकडे बघायचं. जर्मनीतल्या त्या माणसांना ती कुठून असणार? अपूर्वाने थिएटरच्या छताकडे पाहिलं. तिथे काहीच हलत नव्हतं.

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. टेबलाशी एक बाई जास्त होती...

पाठमोरी. केसांचा अंबाडा, त्यात खोचलेली पेन्सिल. केसांतून पाणी ठिबकत होतं.

कश्मिरा अशीच पेन्सिल खोचायची.

योगायोग असेल, असं अपूर्वाने स्वतःला बजावलं.

बाई जर्मनमध्ये बोलू लागली. अडखळत, पुणेरी वळणाचं जर्मन. मी आपणहून गेले नाही, म्हणाली. त्याने मला जायला सांगितलं. त्याची बायको आजारी होती.

मग ती वळली... तिने सरळ अपूर्वाकडे पाहिलं. आणि मराठीत विचारलं,

"अपू, ताप उतरला का गं तुझा?"

चेहऱ्यावर राग नव्हता. काळजी होती. अपूर्वा म्हणते, तेच सहन झालं नाही.

जपानात शेवटची नावं संपून दिवे लागेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. अपूर्वा तशीच उठली आणि लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर आली. दाराशी थिएटरवाला कमरेत वाकून उभा होता. माफ करा, म्हणाला. गेली वीस मिनिटं आवाजच बंद पडला होता. भरपाई म्हणून त्याने तिच्या हातात एक मोफत पास ठेवला.

आवाज बंद होता...

तिने तर शब्द न् शब्द ऐकला होता.

संध्याकाळी धीरज घरी आला. तो बूट काढत असतानाच तिने विचारलं, "त्या दौऱ्याच्या वेळी मला ताप होता?"

त्याचा हात थांबला.

"तुला कुणी सांगितलं?"

तो हसला असता, वेड लागलंय का म्हणाला असता, तर तिने आनंदाने मान्य केलं असतं. पण आता सगळं बाहेर आलं. अपूर्वा तापाने फणफणलीय, माझ्याऐवजी तू जा, असं त्यानेच कश्मिराला सांगितलं होतं. तिला फोन करू नकोस, झोपलीय, हेसुद्धा.

"पण का?"

"दौरा शनिवारपर्यंत होता आणि शनिवारी मॅच होती," तो म्हणाला. "वर्ल्ड कपची. सगळे मित्र ग्योतोकुला एकाच्या घरी बघायला जमणार होते."

भूकंप येणार हे त्याला ठाऊक नव्हतं, मान्य. पण पुढची अडीच वर्षं त्याने तो हट्ट मेलेल्या पोरीच्या माथी मारला. वर काकूंना सांगायला बायकोचं तोंड वापरलं. मला याचीच जास्त चीड येते.

अपूर्वाने त्याच संध्याकाळी काकूंना फोन लावला. मी आजारी आहे असं कळलं म्हणून कश्मिरा गेली, इथपर्यंत तिने सांगितलं.



"म्हणजे हट्टाने नाही गेली," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता. "माझी पोर तुझ्यासाठी गेली."

ताप नव्हताच, हे सांगायचं राहिलं होतं.

"हो काकू," अपूर्वा म्हणाली.

तिने मला काकूंना न सांगण्याची शपथ घातलीय. मीही गप्प बसले. परवा एका लग्नात काकू भेटल्या, पोरीचं कौतुक करत होत्या, मी मान डोलावली. म्हणजे त्या खोट्या तापाने कश्मिराला फसवणारे आता आम्ही तिघं झालो, धीरज, अपूर्वा आणि मी.

हल्ली दुपारी घरात एकटी असले की मी टीव्ही लावत नाही.