कोऱ्या फिल्टरचं वजन

ही हकीकत खरी आहे. जिच्या बाबतीत घडली, ती माझी मावसबहीण, छोटी. ती कधी खोटं बोलली नाही असं मी म्हणणार नाही... एकदा बोलली. त्याचंच हे सगळं.

तेव्हा रात्र नव्हती. मंगळवारची दुपार, तीन वाजून दहा मिनिटं. विद्यापीठातली वजनखोली. खिडकी नाही, एकामागे एक दोन दारं, आणि जवळ श्वास टाकला तरी आकडा बदलेल असा नाजूक काटा.

छोटीचं संशोधन वाहनांच्या धुरावर होतं. रस्त्यावर राबणाऱ्या चाळीस जणांच्या कमरेला तिनं एकेक लहान पंप बांधला होता. पंप दिवसभर हवा ओढायचा. आतल्या गोल, पांढऱ्या फिल्टरवर काजळी धरायची. आधीचं वजन, नंतरचं वजन. मधला फरक म्हणजे त्या माणसानं गिळलेला धूर.

शिवाय एक कोरा फिल्टर कायम डबीत बंद. त्याला हवा लागू द्यायची नाही. त्याचं वजन बदलता कामा नये. बदललं, तर काटा खोटा.

चाळिसांतला एक तिचा सख्खा थोरला भाऊ. वाहतूक पोलीस. उड्डाणपुलाखालच्या एकाच चौकात अकरा वर्षं. ड्यूटी संपली की तीन दहाला दादा पंप आणून द्यायचा.

"काय शास्त्रीणबाई, आज किती गिळला?"

"पोटभर."

"मग वहिनीला कळव, आज माझा स्वयंपाक नको."

त्याचा फिल्टर सगळ्यांत काळा निघाला. ६१२ मायक्रोग्रॅम, इतरांच्या तिप्पट. दादा खूश झाला. "तुझा कागद अर्जाला जोडतो. कचेरीत बदली झालीच समज."

तिच्या मार्गदर्शक सरांनी मात्र त्या आकड्याखाली रेघ मारली.

"हा जुळत नाही. एक नासका आंबा अढी नासवतो. विड्या ओढत असेल."

"सर, तो सुपारीसुद्धा खात नाही."

"मग पुन्हा मोजा. प्रबंध पुढच्या वर्षी."

छोटी रात्रभर जागी होती. सकाळी तिनं आकडा खोडला. शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला.

धूम्रपान.

दादाच्या साहेबांनी अर्जाला जोडलेला तो कागद त्याच्यासमोर मोठ्यानं वाचला. "धूर आमच्या चौकाचा नाही रे, तुझाच आहे!" सगळी कचेरी हसली. अर्ज परत आला.

दादा तिच्यावर रागावला नाही. एवढंच म्हणाला, "छोटे, निदान चांगल्यातली सिगारेट तरी लिहायचीस."

चौदा महिन्यांनी तो गेला. शेवटी शेवटी बसूनच झोपायचा. आडवं झालं की श्वास पुरत नसे.

तो गेल्यानंतरच्या पाचव्या आठवड्यातला तो मंगळवार.

छोटी एकटीच काट्यासमोर बसली होती. दोन्ही दारं बंद. आणि...

घुर्रर्र.

पंपाचा आवाज.

तिनं फळीकडे पाहिलं. चाळीसही पंप ओळीत. एकातही बॅटरी नव्हती.

आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला. घाईघाईनं, तुटक... कुणीतरी श्वास ओढावा तसा. ओढायचा, थांबायचा. पुन्हा ओढायचा.

सोडत नव्हता.

ती दाराकडे वळली. पण सवय मोठी वाईट. तिनं कोऱ्या फिल्टरची डबी उघडली. चिमट्यानं तो काट्यावर ठेवला.

वजन वाढलं होतं. किती?

६१२ मायक्रोग्रॅम.

फिल्टर पांढराशुभ्र होता. काजळीचा ठिपका नाही. नुसतं वजन.

दुसऱ्या दिवशी नवा कोरा फिल्टर, नवी डबी. तीन दहाला पुन्हा ६१२. तिनं काटा तपासून घेतला. काटा खरा होता.

ती सरांकडे धावली. त्यांनी मान वर केली नाही.

"कोराच ना? रद्द करा. शेऱ्यात लिहा काहीतरी."

थंडीत तिला खोकला लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरला.

"किती वर्षं ओढताय?"

"मी ओढत नाही."

"सगळे हेच सांगतात, बाई." ते हसले आणि लिहू लागले. टेबलाच्या अलीकडून तिला तो शब्द उलटा दिसला. तरीही लगेच वाचता आला.

मग त्यांनी तिच्या पाठीला नळी लावली.

"श्वास सोडा."

"सोडतेय."

"सोडा म्हणतोय मी."

"सोडतेय हो, डॉक्टर..."

त्यांनी नळी काढली, तिचं टोक पुसलं, पुन्हा लावली. बराच वेळ ऐकत राहिले. 

सध्या ती आमच्याकडे असते. दुपारी शेजारच्या खोलीत बसल्या बसल्या डोळा लागतो तिचा. मी दाराशी उभा राहून कान देतो.

घेतलेला श्वास ऐकू येतो.

सोडलेला... मी अजून ऐकलेला नाही.