पाठमोऱ्या गप्पा

"साधं पाणी चालेल, बर्फ नको," तो वेटरला म्हणाला, आणि तिच्या हातातला चमचा बशीत पडला.

वाक्यात तसं काही नव्हतं. जगात रोज कितीतरी माणसं बर्फ नको म्हणतात. पण हा आवाज... हा आवाज गेले कित्येक महिने रोज दुपारी तिच्या कानात होता. तो खाकरतो कसा, वाक्य सुरू करण्याआधी जरासा थांबतो कसा, हसू दाबताना त्याचा शेवटचा शब्द कसा पातळ होतो, हे सगळं तिला पाठ होतं. फक्त चेहरा तेवढा माहीत नव्हता. तो आज दिसला, तोही आईच्या होणाऱ्या नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर.

"हा यांचा मुलगा बरं का," आई कौतुकानं म्हणाली. "लहानपणी मला भाऊ आण म्हणून जमिनीवर लोळायचीस ना? उशिरा का होईना, आणला बघ."

ती कसनुसं हसली. "साखर घेता का तुम्ही?" असं काहीतरी विचारून तिनं साखरेचं भांडं पुढे केलं, आणि तिचा आवाज ऐकून आता जेवणाआधीचा चहा सांडायची पाळी त्याची होती.

ती डबिंग करायची. परदेशी कार्टूनमधल्या पोरीबाळींना आवाज देणं हा तिचा धंदा, म्हणून स्टुडिओत तिचं नाव पडलं चिमणी. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, म्हणून तो खर्ज. तो सकाळी येऊन आपले संवाद रेकॉर्ड करून जायचा, ती दुपारी यायची आणि हेडफोनमधून त्याचे संवाद ऐकत आपले बोलायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तसेच तिचे ऐकायचा. एका खोलीत, एकाच माइकसमोर उभं राहून दोघं कधी भेटली नव्हती.

सध्या एका जपानी मालिकेचं काम चालू होतं. विशीतली एक मुलगी, विशीतला एक मुलगा. हिची आई त्याच्या वडिलांशी लग्न करते, दोघं एका घरात राहायला येतात आणि प्रेमात पडतात. मग दर दोन भागांनी कुणीतरी डोळे विस्फारून सांगतं की यांचं रक्ताचं नातं नाही. चिमणीला या प्रकाराचं भारी हसू यायचं. गावभर मुलं पडलेली असताना या बयेला नेमका आईच्या नवऱ्याचाच मुलगा बरा सापडला, असं ती साउंड बघणाऱ्या बाईंना म्हणायची. बोलाफुलाला गाठ पडते म्हणतात, ती अशी.

आता या धंद्यातली एक गंमत सांगायला हवी. पडद्यावरच्या पात्राचं तोंड दिसत असलं, की शब्द त्या ओठांना जुळवावे लागतात. पण पात्र पाठमोरं असलं की मोकळं रान. तिथं काहीही बोला, ओठ दिसतच नाहीत. एकदा मालिकेतला मुलगा फ्रिजमध्ये डोकं घालून उभा होता, आणि तिच्या हेडफोनमध्ये अचानक आलं, "चिमणी म्हणतात ना तुम्हाला? काल तुम्ही रडलात ते ऐकून मला बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं."

हे संहितेत नव्हतं. पुढे नायिका पाठ करून कपडे वाळत घालत होती, तेव्हा चिमणीनं माइकवर उत्तर दिलं, "ते रडणं नव्हतं. सर्दी होती."

मग रोजचंच झालं. तो सकाळी पाठमोरं काहीतरी ठेवून जायचा, ती दुपारी उत्तर ठेवायची. त्याला कारलं आवडतं हे तिला असं कळलं, आणि तिला उंचीची भीती वाटते हे त्याला. बाई नंतर ते सगळं कापून टाकायच्या. "माझ्या मशीनमध्ये संसार मांडू नका," असं बजावायच्या, पण दुसऱ्यानं ऐकेपर्यंत मात्र कात्री लावायच्या नाहीत.

आणि परवाच, नायक खिडकीबाहेर बघत असताना, तो म्हणाला होता, "मालिका संपायच्या आत एकदा समोरासमोर भेटू या का?"

होकार तिच्या ओठांवर तयार होता. उद्याच्या रेकॉर्डिंगला ती तो देणार होती. तेवढ्यात हे जेवण आलं.

जेवणानंतर आई आणि ते काका बिल कोणी द्यायचं यावर गोड भांडत बसले. ही दोघं हॉटेलच्या बाहेर फुटपाथवर आली. हवेत गारवा होता. सिग्नलचा हिरवा उजेड ओल्या रस्त्यावर पसरला होता.

"मी पाठ करून उभा राहू का?" तो म्हणाला. "तुम्हाला सोपं जाईल."

ती हसली. मग हसू आवरेना. मग एकदम डोळे भरून आले.

"सर्दी?" त्यानं हळूच विचारलं.

"गप्प बसा."

काचेतून आत आई दिसत होती. आई चष्म्याच्या दुकानात कामाला. हे काका, निवृत्त भूगोलाचे मास्तर, चष्म्याचा तोच तो स्क्रू घट्ट करून घ्यायला इतक्यांदा आले, की शेवटी आईनंच त्यांना विचारलं, स्क्रू ढिला होतो की तुम्ही करता? बाबा गेल्यापासून आई अशी मान मागे टाकून हसलेली चिमणीनं पाहिली नव्हती.

"तुम्ही उत्तर देणार होतात," तो म्हणाला. "मी विचारलं होतं त्याचं."

"हो."

"काय होतं?"

तिनं आत बघितलं. आई मास्तरांच्या कॉलरवरचा भाताचा कण काढत होती.

"आता नाही सांगत," ती म्हणाली. "सांगून काय करायचं? तिनं लग्न मोडलं तर? ती मोडेल. मी तिला ओळखते."

"बरं," एवढंच तो म्हणाला, आणि त्या आवाजाला एवढा लहान शब्द शोभत नाही असं तिला वाटलं.

नोंदणी कार्यालयात लग्न झालं. लोकांनी नाकं मुरडली, या वयात म्हणे, पण आई मोरपंखी साडीत अशी दिसत होती की मुरडणाऱ्यांनीही पेढे खाल्ले. फोटोत आईनं दोघांना शेजारी उभं केलं. "दादाच्या जवळ सरक गं," आई म्हणाली. ती सरकली नाही.

मास्तर आईकडेच राहायला आले. तो आपल्या खोलीवर राहायचा, पण दर रविवारी जेवायला यायचा. आला की दारात चपला नीट जुळवून ठेवायचा, ताट उचलून धुवायचा, आणि चिमणीशी असा बोलायचा जसं पोस्टमनशी बोलतात. एकदा मात्र आईनं कारल्याची भाजी केली, आणि चिमणीनं न विचारता भांडं त्याच्याकडे सरकवलं. "तुला कसं माहीत त्याला आवडतं?" आईनं विचारलं. "अंदाजानं," ती म्हणाली. तो खाली मान घालून जेवत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

हेडफोनमधले पाठमोरे शॉट आता मुके असायचे. नायक फ्रिज उघडायचा, खिडकीपाशी जायचा, आणि काही म्हणायचा नाही. मालिकेतल्या लोकांचं बरं, चिमणीला वाटायचं, रक्ताचं नाही एवढं कळलं की सुटले. रक्ताचा प्रश्न तिला पडलाच नव्हता. तिला भीती होती ती आईचं हसू परत मिटण्याची.

शेवटच्या भागाच्या दिवशी काम संपल्यावर चौघांनी जेवायला जायचं ठरलं होतं. आईला स्टुडिओही बघायचा होता. ती, मास्तर आणि तो, तिघंही काचेपलीकडे बाईंच्या मागच्या बाकावर येऊन बसले. चिमणी आत माइकसमोर एकटी उभी होती.

शेवटचा प्रसंग स्टेशनवरचा. नायक गाव सोडून निघालाय, पाठ करून गाडीत चढतोय. बाईंनी त्याचं सकाळचं रेकॉर्डिंग फक्त तिच्या हेडफोनमध्ये सोडलं. "काळजी घे," नायक म्हणाला. हे संहितेत होतं. मग पाठमोरा शॉट आला, आणि किती दिवसांनी... तो आवाज बोलला.

"मीही परगावचं काम धरलंय. महिनाअखेर जाईन. तिथं रविवार नसतील, म्हणजे तुला सारखं दुसरीकडे बघावं लागणार नाही. रागावलो नाहीये. तू थांब म्हणाली असतीस तर थांबलो असतो, पण तू म्हणू नयेस हेच बरोबर आहे. बाबा हल्ली गाणं गुणगुणतात."

पडद्यावर नायिकेचा चेहरा आला. अगदी जवळून. ओठ मिटलेले, डोळ्यांत पाणी. संहितेत तिच्यासाठी एकही शब्द नव्हता, फक्त एक श्वास लिहिला होता.

चिमणीनं काचेपलीकडे पाहिलं. आई उत्सुकतेनं पुढे वाकून बसली होती. तो जमिनीकडे बघत होता.

"थांब," चिमणी म्हणाली. तिचा आवाज पलीकडे स्पीकरमधून खोलीभर झाला. "जाऊ नकोस. मी तुला एकदाही दादा म्हटलं नाही, लक्षात आलं का तुझ्या? जमतच नाही मला. त्या दिवशी माझं उत्तर हो होतं. अजून तेच आहे."

पडदा काळा झाला.

"छान बोलली," मास्तर म्हणाले. त्यांना वाटलं, मालिकेतलंच.

"पण तिचं तोंड बंद आहे," बाई पुटपुटल्या.

"तिचं बंद आहे," आई सावकाश म्हणाली. दिवसभर लोकांचे चेहरे निरखून चष्मे बसवणारी बाई ती. "हिचं नाही."

मग तिनं शेजारी पाहिलं. तो उभा राहिला होता. त्याचा चेहरा बघून तिला दुसरा पुरावा लागला नाही. तिनं बाईंना विचारून त्यांच्यासमोरचं, आतल्याशी बोलायचं लाल बटण दाबलं, आणि तिचा आवाज चिमणीच्या कानात आला.

"कधीपासून?"

"तुमच्या लग्नाआधीपासून."

"आणि मी आपली दादा दादा करत बसले." आई म्हणाली. "सांगायचं नाहीस?"

"तू हसत होतीस, आई."

आईचं बोट बटणावर तसंच राहिलं.

"लोक काय म्हणतील गं?" शेवटी ती म्हणाली. दरडावून नव्हे, खरंच घाबरून.

"लोक आपल्यालाही म्हणाले," मास्तर मागून म्हणाले. गोष्ट आता त्यांच्याही ध्यानात आली होती. "आणि मग पेढे खाऊन गेले. माझा मुलगा गाव सोडून चालला होता, हे मला आज इथं कळावं? मला हे चालणार नाही. बाकी सगळं चालेल."

आईनं पदरानं डोळे टिपले.

"माझ्या हसण्यासाठी तू तोंड शिवून घेतलंस," ती बटण दाबून म्हणाली. "मला असलं महागाचं हसू नको. आणि भाऊ मागितला होतास तू, मी नव्हे. आमच्या दुकानात चष्मा नीट बसला नाही तर आम्ही बदलून देतो. तसं समज."

तो दार ढकलून आत आला. पहिल्यांदाच एका माइकसमोर दोघं उभी होती, आणि इतक्या जवळून बोलायची सवय दोघांनाही नव्हती.

"तू... खरंच थांब म्हणालीस?" तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं? पाठ करून म्हणू?"

"नको. असंच म्हण."

"थांब," ती म्हणाली, त्याच्याकडे बघत. त्यानं तिच्या कानावरून घसरलेला हेडफोन नीट बसवला, आणि त्याचा हात तिथंच राहिला.

"प्रेमप्रकरण झालं असेल तर मला माझा श्वास द्या," बाईंचा आवाज आला. "मुलीची ताटातूट झालीय. ती रडतेय. तोंड बंद."

पडद्यावर पुन्हा गाडी निघाली. नायिकेचे डोळे भरले. चिमणीनं ओठ घट्ट मिटले, पण शेजारी तो उभा होता, काचेपलीकडे आई मास्तरांच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती, आणि मिटल्या ओठांतूनही हसू फुटत होतं.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी तो श्वास काही केल्या जमला नाही.