कोतवाल बुकाच्या जागी

शोकसभा चारला होती आणि तीन वाजता भारतराव रेकॉर्ड रूमचं कुलूप काढत होते. कोणी विचारलंच तर देवरावबाबूंचा फोटो शोधतोय, असं सांगायचं. कचेरीत आजवर देवरावबाबूंचा फोटो काढावासा कुणालाही वाटला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

भारतराव तहसीलचे अव्वल कारकून, त्यामुळे सभेत पहिलं भाषण त्यांचंच. 'देवराव म्हणजे आमच्या अभिलेख कक्षाचा आत्मा' हे वाक्य सकाळपासून घोकून झालं होतं. हाच माणूस जेवणाच्या सुट्टीत देवरावबाबूंना 'वाळवी' म्हणून हाक मारायचा आणि बाकीचे डबे उघडता उघडता फिदीफिदी हसायचे. असल्या तोंडांना शोकसभेची भारी हौस.

पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेलं एक कोतवाल बुक होतं. गावातले जन्ममृत्यू जातीसकट लिहिलेलं, स्वातंत्र्याच्या आधीचं. नऊ वर्षांपूर्वी मुलाच्या जातपडताळणीसाठी भारतरावांनी ते सरळ घरी नेलं. अर्ज करून नक्कल घेणं त्यांना कमीपणाचं वाटलं. मग परत आणायचा कंटाळा केला, आणि चौकशी लागली तेव्हा 'मी ते पाहिलंसुद्धा नाही' असं लिहून दिलं. ठपका रेकॉर्ड सांभाळणाऱ्या देवरावबाबूंवर आला. तो डोक्यावर घेऊनच ते पंधरा दिवसांपूर्वी गेले. उद्या यवतमाळहून नव्या बाई ताबा घ्यायला येणार, यादीप्रमाणे एकेक बुक तपासणार. पुन्हा चौकशी उघडली तर भारतरावांच्या निवृत्तीला उरलेले चार महिने धड जाणार नव्हते. तेव्हा आज गुपचूप बुक ठेवायचं आणि बाहेर येऊन रडायचं.

आत वीज नव्हती. बाहेर मे महिन्याचं ऊन भाजत होतं, पण दाराच्या आत पाऊल पडताच अंगावर गारठा आला. दप्तरांत घातलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा कडवट, कोरडा वास घशात बसला. लाल रुमालांत बांधलेले गठ्ठे थेट छतापर्यंत रचलेले. भारतराव मोबाइलच्या उजेडात पुढे सरकले. पलीकडच्या रांगेत कुणीतरी रुमालाची गाठ सोडत असल्यासारखा आवाज झाला. ते थांबले. आवाजही थांबला.

"उंदीर," ते स्वतःलाच म्हणाले.

गठ्ठा सापडला. देवरावबाबूंची एक रीत होती, कागद हलला की त्याच्या जागी चिठ्ठी ठेवायची, कोणी नेला आणि कधी. भारतरावांनी रुमाल सोडला. बुकाच्या जागी चिठ्ठी होती. त्या गोल, ठसठशीत अक्षरात भारतरावांचं पूर्ण नाव, नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

म्हणजे त्याला माहीत होतं. चौकशीत ही एक चिठ्ठी पुढे केली असती तर सुटला असता.

भारतरावांना गहिवरून वगैरे आलं नाही. "बावळट," ते पुटपुटले. चिठ्ठी खिशात कोंबली, बुक आत सारलं, गाठ मारली. पलीकडच्या रांगेत कुणीतरी हळूच श्वास सोडला... आणि भारतराव जवळजवळ धावतच बाहेर आले.

व्हरांड्यात बाकावर हंसाबाई बसली होती. याच बुकासाठी नऊ वर्षं खेटे घालणारी. तिच्या सासऱ्याची जातीची नोंद त्यात होती. ती मिळाली नाही म्हणून धाकट्या मुलाचं शिक्षण सुटलं; आता ती नातीसाठी, दीपमालासाठी येत होती.

"पुस्तक आलं म्हने, साहेब?"

"कोण... कोण म्हणालं?"

"देवरावबाबू. आत्ताच तं इथं बसून गेले. म्हने, भारत सायबानं नेलतं, तेच ठेवून राह्यले आत. आज आनतीन, मले मालूम होतं म्हने."

"अगं, ते तर..."

"नाही नाही म्हनत होते, पन मीनंच चाय पाजली," हंसाबाई म्हणाली. खेड्यावरून आलेली, तिला काही ठाऊक नव्हतं. "तिकडं हॉलात गेले आता. पयल्या रांगेत बसतो म्हने, तुमचं भाषन आयकाले."

बाकावर दोन ग्लास होते. एक तिच्या हाताशी, अर्धा भरलेला. दुसरा रिकामा. भारतरावांनी त्याला बोट लावलं. काच गरम होती.