निळं शेपूट

"टाच आधी, बाबा. मग चवडा."

लेकीचं हे वाक्य बाबांना पाठ झालं होतं. अर्धांगवायूने त्यांचा डावा पाय लुळा पडल्यापासून त्यांचे स्प्लिंट तीच बनवत होती. पोटरीमागून तळव्याखाली वळणारी प्लॅस्टिकची पातळ पाटी आणि वर एक पट्टा. नवा स्प्लिंट तपासायची तिची रीत ठरलेली. तळाला निळा खडू फासायचा आणि माणसाला काळ्या रबरी चटईवर चालवायचं. चवडा घासला की ठशामागे निळं शेपूट उमटे. बाबांचं शेपूट लांबलचक होतं.

"हा जावई काही धड नांदत नाही," बाबा स्प्लिंटकडे बघत म्हणाले. "दिवसभर पाय धरतो आणि ऐन वेळी दगा देतो."

कार्यशाळेत साचे ओतणारे प्लास्टरवाले काका हसले. ती हसली नाही. घोट्याचा कोन कुठे चुकतोय ते शोधत होती.

"पुन्हा एकदा."

"मास्तरीणबाई, तू पहिलं पाऊल टाकलंस तेव्हा मी काय म्हटलं होतं, सांगू?"

"काय?"

"काही नाही. टाळ्या वाजवल्या."

वळताना त्यांनी नेहमीसारखा तिचा खांदा धरला. तिची नजर शेपटावरच होती.

त्या रात्री झोपेतच ते गेले.

ती कामावर परतली तेव्हा फळीवर त्यांच्या पायाचा प्लास्टरचा साचा उभा होता आणि त्यावर तिने त्या शेवटच्या संध्याकाळी बनवलेला, सुधारलेल्या कोनाचा नवा कोरा स्प्लिंट. काम झालं की साचा फोडायचा असतो.

"हातोडा उचलवला नाही, ताई," काका म्हणाले.

दुपारी चटईवर ठसे दिसले. फक्त डाव्या पायाचे. मागे लांबलचक शेपूट.

"कुणी आलं होतं?"

"कुणी नाही. चटई सकाळी मीच पुसली."

तिने फळीवरचा स्प्लिंट उलटा केला. तळ निळा होता.

तिने तो धुतला, खडूचा डबा कुलपात ठेवला, खोलीची किल्ली स्वतःजवळ घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठसे. तिने पट्टी लावून पाहिली. शेपूट तोकडं झालं होतं.

"तुम्हाला ठसे ओळखता येतात," काका दारातूनच म्हणाले. "मला विचारू नका."

मग रोजच. टाच हळूहळू टेकू लागली. तिने आजवर किती पायांचे ठसे वाचले होते, पण इतक्या चिकाटीने शिकणारा पाय पाहिला नव्हता. भीती वाटायला हवी होती. ती मात्र संध्याकाळी चटई स्वच्छ पुसून ठेवी आणि सकाळी चपला बाहेर काढून आत शिरे.

एका दुपारी ती चटईच्या टोकाशी बसून राहिली. खिडकीतून ऊन येत होतं. पंखा बंद होता.

पलीकडच्या टोकाला एक निळा डाग उमटला. टाच. मग चवडा.

मागे काही नाही.

ठसे तिच्या दिशेने आले. जवळ येऊन वळले. सवयीने तिने खांदा पुढे केला.

कुणी धरला नाही.

ठसे दूर गेले, तिकडे आपले आपण वळले, परत आले आणि तिच्यासमोर थांबले.

फळीवरच्या स्प्लिंटचा पट्टा चर्रकन सुटला.

पुढचा ठसा अनवाणी होता. पाची बोटं स्वच्छ.

तिने टाळीसाठी दोन्ही हात उचलले. टाळी काही वाजेना.

"छान, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "फार छान चालताय."