गुडघ्याची वाटी आणि उत्तरेचा खांदा

आमच्या कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात एक पिवळा पडलेला कागद आहे. त्यावर चिकटवलेलं रोप बोटाच्या पेराएवढंही नाही. खाली शाईनं लिहिलंय : भैरनबेट्ट, उत्तरेचा खांदा, ओल्या कातळावर, नोव्हेंबर १९३६. रोप दवबिंदूचं. लाल पानांवरच्या चिकट थेंबांत किडे पकडून खाणारं! त्यानंतर त्या डोंगरावर ते कुणी पाहिल्याची नोंद नाही. ते अजून तिथे आहे का, एवढंच शोधायला आम्ही तिघं नोव्हेंबरातल्या एका शनिवारी उजाडताच शहरातल्या चामराजपेटेतून निघालो.

एक मी, कार्तिक, नुकताच वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेला. दुसरी माझी मैत्रीण संपदा. ती पुण्याची, मारतहळ्ळीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी कातळ चढते. गाडी तिचीच होती. तिसरे बसवंतअण्णा, आमच्या विभागाचे प्रयोगशाळा मदतनीस, मूळचे निपाणीकडचे. अठरा वर्षांतली कॉलेजची एकही सहल त्यांच्याशिवाय गेलेली नाही.

पायथ्याशी गाडी लावली तेव्हा ऊन स्वच्छ होतं. घाणेरीच्या जाळ्या संपल्या की भैरनबेट्टावर नुसता कातळ आहे, हत्तीच्या पाठीसारखा करडा, गुळगुळीत, मधूनमधून घरांएवढे धोंडे ठेवून दिलेला. पायवाट अशी नाहीच. म्हणून मी दर तीस पावलांवर एक नारिंगी फीत बांधत होतो, झुडपाला नाहीतर दगडाला, आणि वहीत आकडा टाकत होतो. मी पुढे, मध्ये संपदा, मागे अण्णा. एका गुहेपाशी अस्वलाची ताजी विष्ठा दिसली. अण्णांनी तिथून पुढे मोठ्यानं खोकत चालायला सुरुवात केली. अस्वलाला आगाऊ कळलेलं बरं असतं म्हणाले.

दहा वाजता धुकं आलं. आलं म्हणजे खालून वर चढत आलं, आणि पाच मिनिटांत समोरचा धोंडा दिसेनासा झाला. खांदा जवळच असणार, पण कुठल्या बाजूला? अशा वेळी पुढे जाणं मूर्खपणाचं. झाडांपर्यंत खाली उतरायचं आणि थांबायचं, असं ठरलं. मी एकेचाळिसावी फीत शोधायला वळलो.

ती नव्हती.

चाळिसावीही नव्हती! मी तीस पावलं डावीकडे गेलो, तीस उजवीकडे. कातळ सगळीकडे सारखाच. होकायंत्र उत्तर नीट दाखवत होतं, पण आपण कुठे उभे आहोत हेच ठाऊक नसेल तर उत्तर कळून काय उपयोग? वही पुन्हा वाचली. एकेचाळीस नोंदी, माझ्याच अक्षरात. मग माझी पावलं चुकली, की दिशा, की आपण भलत्याच उतारावर होतो? अर्ध्या तासानंतर मला एवढीही खात्री उरली नव्हती, की मी त्या फिती खरंच बांधल्या होत्या.

शेवटी अण्णांना विचारलं, येताना तुम्हाला एक तरी फीत दिसली होती का.

"दिसली म्हंजे?" ते म्हणाले. "सगळ्या माझ्यापाशी हाईत की."

त्यांनी पिशवी उघडली. एकेचाळीस फिती, एकीवर एक नीट गुंडाळलेल्या.

कॉलेजच्या सहलीत मुलं डोंगर ओलांडून पलीकडे उतरतात, बस तिकडे उभी असते. सगळ्यांत मागच्या माणसानं सगळं प्लास्टिक गोळा करत यायचं, असा नियम. एकदा चार फिती राहिल्या म्हणून विभागप्रमुखांनी अण्णांना परत पाठवलं होतं. आज त्याच वाटेनं उतरायचंय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं होतं मी. अण्णांचं काही चुकलं नव्हतं.

संपदा हसत सुटली. "अरे, तू नकाशा बनवलास आणि अण्णांनी तो घडी घालून पिशवीत ठेवला."

हसता हसता तिनं एक पाऊल खाली टाकलं. पाय फटीत अडकला. अंग वळलं, पाय वळला नाही. कट्ट! असा आवाज मी तोपर्यंत कधी ऐकला नव्हता. ती पडली, घसरली, आणि धोंड्याला टेकून थांबली.

तिचा उजवा गुडघा वाकलेल्या अवस्थेत अडकला होता आणि त्याचा आकार गुडघ्यासारखा नव्हता. पुढची बाजू सपाट, बाहेरच्या बाजूला एक टेंगूळ. ती ओरडत नव्हती. दात आवळून, पांढरी पडून, फक्त माझ्याकडे बघत होती.

हाड मोडलं होतं? सांधा निखळला होता? मला झाडांच्या पेशी ओळखता येतात. प्रथमोपचाराचं दोन दिवसांचं शिबिर केलं होतं, त्यातलं एकच वाक्य आठवत होतं : दुखावलेला सांधा ओढू नका. अण्णांचंही तेच म्हणणं. त्यांच्या भावाचा मनगटाचा सांधा गावच्या वैद्यानं ओढून बसवला, तो हात आजही सरळ होत नाही. आहे तसं बांधू आणि पाठीवर घेऊन उतरू, ते म्हणाले. पण वाकून अडकलेला पाय, दर पावलाला हिसका, आणि हा उतार! ओढलं तर पाय जाण्याची भीती, नाही ओढलं तर खाली पोचण्याचीच खात्री नाही.

फोनला रेंज नव्हती. अण्णा माझा फोन घेऊन सर्वांत उंच धोंड्यावर चढले, हात वर करून उभे राहिले, आणि तिथे एक काडी उमटली. मी ओरडून सांगितलं, वसुमतीअक्काला लावा. वसुमतीअक्का माझी चुलत बहीण, राजाजीनगरात फिजिओथेरपिस्ट. मग जे झालं ते असं : अक्का राजाजीनगरातून बोलत होती, अण्णा धुक्यातून मोठ्यानं तिचा निरोप खाली टाकत होते, आणि मी खालून उत्तरं वर पाठवत होतो.

"अक्का इचारत्यात, पायाची बोटं हलत्यात का?"

हलत होती. घोट्याजवळची नाडी लागत होती. तळव्याला स्पर्श कळत होता.

"दुसऱ्या गुडघ्याशी ताडून बघा म्हंत्यात. वाटी हाय का जाग्यावर?"

डाव्या गुडघ्यावर वाटी होती, बशी उपडी ठेवावी तशी. उजव्यावर नव्हती. ती म्हणजेच ते बाहेरचं टेंगूळ! मांडीचं आणि नडगीचं हाड दाबून पाहिलं, तिथे दुखत नव्हतं. गुडघा मोडला नव्हता, त्याची वाटी बाजूला सरकली होती. निदान तसं वाटत होतं.

मग सूचना आल्या, एकेक करून. तिला धोंड्याला टेकवून बसतं कर, म्हणजे मांडीचे स्नायू सैल पडतील. टाच हातात धर. पाय सरळ करत जा, निधान, म्हणजे सावकाश, अगदी निधान. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं वाटीला आतल्या बाजूला नुसता आधार दे.

"जोर लावायचा न्हाई. अडलं तर थांबायचं, हाय तसं बांधायचं," अण्णा म्हणाले, आणि मग, "गेली. लाइन गेली."

संपदानं माझ्या बाहीला धरलं. "तुला नक्की येतंय ना हे?"

"हो," मी म्हणालो.

टाच हातात घेतली. ती थंड होती. पाय एक बोटभर सरळ केला. थांबलो. तिनं श्वास सोडला. आणखी एक बोटभर. अंगठ्याखाली वाटी हलली, की मला भास झाला? माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. पुसता येईना. आणखी थोडा. संपदा कण्हली. थांबू? अडलंय का हे? अडणं म्हणजे नेमकं कसं लागतं हाताला? ते विचारायचंच राहिलं होतं! आणखी किंचित...

टप्!

वाटी माझ्या अंगठ्याखालून निसटली आणि जागेवर जाऊन बसली. पाय सरळ झाला. संपदानं डोळे उघडले आणि आश्चर्यानं स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं, जणू तो आत्ताच कुणीतरी आणून दिला होता.

बोटं पुन्हा तपासली, नाडी पुन्हा पाहिली. बसायला आणलेली फोमची चटई कापून पायाभोवती गुंडाळली आणि त्याच नारिंगी फितींनी वरपासून खालपर्यंत बांधली. अण्णांनी धोंड्यावरून उतरून गाठी मारल्या, जनावराच्या दाव्याला मारतात तशा, न सुटणाऱ्या.

तेवढ्यात धुकं विरळ झालं. खाली, अगदी सरळ खाली, गाडीचं टप चमकलं. आणि वर, दीडशेएक मीटरवर, पाणी झिरपणाऱ्या काळ्या कातळावर एक लाल डाग दिसला. उत्तरेचा खांदा!

"जा," संपदा म्हणाली. "मी कुठे पळून चाललीये?"

वीस मिनिटं जायला, पंधरा यायला. पण पश्चिमेकडून काळं आभाळ सरकत होतं, आणि ओल्या भैरनबेट्टावर धडधाकट माणूसही उभा राहू शकत नाही. मी दोन पावलं वर गेलो. फोन उचलून एक फोटो काढला. त्यात नुसता लाल ठिपका आला. मग खाली वळलो.

उतरायला चार तास लागले. संपदा बसून सरकत होती, मी तिची टाच उचलून पुढे, अण्णा तिच्या काखेत हात घालून मागे. गुहेपाशी आम्ही तिघं अस्वलाला ऐकू जावं म्हणून मोठमोठ्यानं कॉलेजच्या कँटीनला शिव्या देत होतो. पायथ्याच्या घाणेरीत शिरलो आणि पावसाचे पहिले थेंब कातळावर फुटले.

शहरात गेल्यावर एक्स-रे झाला, दोन दिवसांनी एमआरआय. हाडाचा तुकडा उडालेला नव्हता. वाटी पहिल्यांदाच सरकली आहे, शस्त्रक्रियेची गरज नाही, डॉक्टर म्हणाले. पट्टा आणि मग व्यायाम. मी त्यांना विचारलं, मी केलं ते बरोबर होतं का. ते म्हणाले, पाय सरळ होताना वाटी पुष्कळदा आपोआपच बसते. म्हणजे मी काही केलं, की काहीच केलं नाही? फोटो पाहून माझे प्राध्यापकही म्हणाले, दवबिंदू असेल, नाहीतर शेवाळ.

फेब्रुवारीत मी संपदाला घेऊन अक्काच्या उपचारांच्या खोलीवर गेलो. तिचा गुडघा पूर्ण वाकत होता, मांडीत ताकद आली होती. राहिलं होतं ते एकच : फूटभर उंच लाकडी पायरीवर उजव्या पायावर उभं राहायचं आणि भिंत न धरता डावा पाय खाली टेकवायचा. आठवडाभर ती ते टाळत होती. उभी राहायची आणि हात आपसूक भिंतीला जायचा.

"गुडघ्यानं आपलं काम केलंय गं," अक्का म्हणाली. "आता स्वल्प तूही कर."

संपदा पायरीवर चढली. भिंतीला बोटं टेकवून बराच वेळ तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "खरं सांग. तेव्हा तुला येत होतं का ते?"

"नाही," मी म्हणालो.

तिचा गुडघा थरथरत होता, मला दिसत होतं. अक्का पुढे झाली नाही, मीही झालो नाही. संपदानं भिंतीवरून हात काढला आणि पाय खाली टाकला.