बिनआवाजाची रिक्षा

"ताई, माझी रिक्षा चोरीला गेली!"

रेश्माचा फोन येताच हेमलता भरलं ताट सारून उठली. लवळ्याची पोलीस पाटील म्हटल्यावर भूक काय अन् झोप काय! गुरुवारची दुपार होती. गिरणीपुढे दळणाचे डबे ताटकळत होते आणि गिरणीवाला ओट्यावर खुशाल घोरत पडला होता.

रेश्मा दारात डोकं धरून बसली होती. नवरा शंभू गेल्यावर त्याची खडखडती रिक्षा विकून तिनं ही बॅटरीवरची घेतली होती. उद्यापासून होस्टेलच्या पोरींची ने-आण तिच्याकडे होती. सकाळी रिक्षा उभी नसेल, तर काम दुसऱ्याचं.

"भल्या पहाटे चार्जिंगला लावली न् बसनं बावधनला गेले, खोली बघायला. आता कुणाच्या तोंडाकडं बघू, ताई?"

"त्या विलासनंच नेली आसंल," सासू चंद्राबाई आतून म्हणाल्या. विलास स्टँडवरचा पेट्रोल रिक्षावाला. रेश्माच्या गाडीला तो 'मुकी म्हैस' म्हणायचा.

"मावशी, तुमी शेवटची कवा बघितली?"

"दत्ताच्या दुपारच्या आरतीहून आले तवा. चार्जरचा हिरवा दिवा चालू हुता. मंग जरा पडले. उठून बघते तर गाडी न्हाई."

"आवाज आला न्हाई?"

"तिला कुटं आवाज हाय?"

हेमलतानं भिंतीकडे पाहिलं. चार्जरची वायर नीट गुंडाळून खुंटीला अडकवली होती.

"रेश्मा, ही तू गुंडाळलीस?"

"न्हाई. मी कशालाच हात लावला न्हाई."

"घरात आणिक कुणाला चालवता येती ही?"

"क्लच न्हाई, गिअर न्हाई. मागंपुढं घ्यायला आत्यांनासुदिक शिकवलीय." रेश्मानं आत सासूकडे बोट दाखवलं.

हेमलता तडक घरामागच्या गोठ्यात गेली. कडब्याच्या पेंढ्या ओढल्या. आतून रिक्षाचं हिरवं टप दिसलं.

"चोर वायर गुंडाळून खुंटीला लावत बसत न्हाई, मावशी. ती घरच्या माणसाची सवय. आन् आज गुरुवार. दुरुस्तीपायी सकाळपासनं गावात लाईट न्हाई, गिरणी बंद. मंग दुपारी तुमचा हिरवा दिवा कशावर चालू हुता?"

मागोमाग आलेल्या चंद्राबाई खाली पडलेल्या पेंढ्या उचलू लागल्या.

"आत्या, तुमी?" रेश्माचा आवाज फाटला. "माझं काम घालवायला निघाला हुता?"

"शंभूची रिक्षा खालच्या वळणावर आली की मला हितं ऐकू यायची. मी च्या टाकायची." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "तू बावधनला खोली बघतीस. ह्या गाडीतनं एक दिस निघून गेलीस, तर मला कळायचंबी न्हाई."

आपलेच दात अन् आपलेच ओठ! हेमलतानं ठाण्याला लावायला काढलेला फोन परत ठेवून दिला.

रेश्मानं टपावरचा कडबा झटकला. तिला खोटं बोलवेना. "खोली एकटीचीच हुती, आत्या."

तेवढ्यात लाईट आली. तिकडे गिरणी घरघरू लागली. रेश्मानं डोळे पुसले, गाडी भिंतीशी आणून चार्जिंगला लावली.

"न्हाई घेत मी ती खोली," ती म्हणाली. "उद्यापासनं वळणावर हॉर्न देत जाईन. च्या टाका."